नसा 'मोकळ्या' होतात की 'सैल'?

धागाकर्ती
घरातल्या एका भांडणावरून हा धागा काढतेय. आमचे मामा गेली पंचवीस वर्षं रात्री जेवणाआधी दोन पेग घेतात. तळपायांची आग होते म्हणून परवा डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, "दारूने नसा खराब झाल्यात." मामा घरी येऊन हसायला लागले. "अरे, नसा मोकळ्या राहाव्यात म्हणूनच तर घेतो! दारूने रक्तवाहिन्या रुंदावतात हे डॉक्टरच सांगतात ना?" मामी तेव्हापासून बोलत नाहीयेत.
माझे प्रश्न शब्दांपुरतेच आहेत. 'नस' म्हणजे नक्की काय? 'मोकळ्या होणे' हे क्रियापद इथे बरोबर आहे का? आणि अगदी बारीक रक्तवाहिन्यांना मराठीत केशिका म्हणायचं की केशवाहिनी?

भाषांतरवाला
'नस' हा मराठीतला सगळ्यात बेशिस्त शब्द असावा. मान अवघडली की 'नस दबली', तिथे अर्थ मज्जातंतू. सलाइन लावताना सिस्टर म्हणतात 'नस सापडत नाही', तिथे रक्तवाहिनी. 'नसबंदी'त तर दोन्ही नाहीत, तिथे शुक्रवाहिनी. त्यामुळे डॉक्टर आणि मामा एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असण्याची दाट शक्यता आहे.
नेमकं बोलायचं तर हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. विश्वकोशात हेच शब्द आहेत. हल्ली वर्तमानपत्रांत 'धमनी' आणि 'शिरा' जास्त दिसतात. तेही संस्कृतच आहेत, पण 'शिरा' वाचला की मला आधी रव्याचा आठवतो. रोहिणीची बारीक शाखा ती रोहिणिका. तिच्याही पुढची सर्वांत बारीक ती केशवाहिनी किंवा केशिका, दोन्ही चालतात. मला केशवाहिनी आवडतो, कारण ती काय करते तेही त्यात येतं.

मुक्काम मिरज
केशवाहिनीतली केसाची उपमा थेट लॅटिनमधून आलीय. तिकडे 'कापिलस' म्हणजे केस, त्यावरून कॅपिलरी, आणि आपण त्याचं भाषांतर केलं. गंमत अशी की केसाची उपमा इथे फारच ढोबळ आहे. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो, केशवाहिनी ५ ते १०. म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, तिला कित्येकदा अंग चोरून, दुमडून त्यातून जावं लागतं.
विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे मांडलं, पण रोहिणीतून नीलेत ते जातं कुठून, हे त्याला दिसलं नव्हतं. ते १६६१ मध्ये मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञाला दिसलं, बेडकाच्या फुप्फुसात, सूक्ष्मदर्शकाखाली.

पॅथॉलॉजीवाली
तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. पण रोज पिणाऱ्याच्या तळपायांची आग म्हटली की आधी मज्जातंतूंचा विचार येतो. दारूचा त्यांच्यावर थेट परिणाम होतो, शिवाय ब-१ जीवनसत्त्वही कमी पडतं. मामांनी 'नसा' हा शब्द ऐकला आणि रक्तवाहिन्यांवर ढकलून दिला.
आता 'मोकळ्या'. रस्ता मोकळा झाला, नाक मोकळं झालं, म्हणजे आधी काहीतरी अडलेलं होतं आणि ते निघालं. दारू रक्तवाहिनीतलं काहीही काढत नाही. रोहिणिकांच्या भिंतीत स्नायू असतात, ते एरवी थोडे आवळलेले राहतात. प्यायल्यावर तो आवळ सुटतो, विशेषतः त्वचेतला. म्हणून शब्द 'सैल'. पायजम्याची नाडी सैल झाली तर आपण पायजमा मोकळा झाला म्हणत नाही, सुटतोय म्हणतो.
रक्त त्वचेकडे धावतं, चेहरा लाल होतो, अंगात ऊब आल्यासारखं वाटतं. पण ती ऊब बाहेर निघून चाललेली असते, आतलं तापमान उतरतं. थंडीत ब्रँडीचा घोट देणाऱ्या आज्यांना हे सांगून पाहा. आणि सैलपणा टिकत नाही. बरीच घेतली असेल तर अर्ध्या दिवसानंतर रक्तदाब उलट वर जातो, आणि रोज भरपूर पिणाऱ्यांत तो वाढलेलाच राहायला लागतो. तो दाब वर्षानुवर्षं झेलून डोळ्यांतल्या, मूत्रपिंडांतल्या, मेंदूतल्या रोहिणिकांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. म्हणजे मामांच्या शब्दाच्या नेमकं उलट.

भाषांतरवाला
'डोळे तांबारले' हा शब्दप्रयोग याच सैलपणाचा ना? किती नेमका शब्द आहे.

पॅथॉलॉजीवाली
हो, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरच्या बारीक वाहिन्या फुगतात. उघड्या डोळ्यांनी आपल्याला स्वतःच्या एवढ्या बारीक रक्तवाहिन्या दिसणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. अर्थात जागरणाने आणि डोळे आल्यावरही तांबारतातच, लगेच कुणावर आळ घेऊ नका.
मला मात्र एक शब्द हवाय. यकृतातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीला भोकं असतात, चाळणीसारखी. रक्तातला द्रव त्यातून थेट यकृतपेशींना भिजवतो. वर्षानुवर्षांच्या दारूने (इतर यकृतविकारांतही) ही भोकं बुजतात, भिंतीमागे अस्तर चढतं, आणि ती वाहिनी साध्या केशवाहिनीसारखी होऊन बसते. आम्ही याला कॅपिलरायझेशन म्हणतो. मराठीत 'केशवाहिनीकरण' लिहिलं तर महापालिकेची योजना वाटते.

मुक्काम मिरज
'केशवाहिनीभवन' म्हणा. कुणी करतं ते करण, आपोआप होतं ते भवन. बाष्पीभवन, घनीभवन तसं.

कडेला उभा
पण रेड वाइन हृदयाला चांगली ना? २०२२ मध्ये महाराष्ट्रात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हेही ऐकलं होतं.

पॅथॉलॉजीवाली
तो वाद सुपरमार्केटच्या फळ्यांवर वाइन विकायला ठेवू द्यायची का, याचा होता. शरीराला इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, तेवढं कळतं, बाटलीवरचं नाव नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने सांगितलं की दारूचं सुरक्षित म्हणता येईल असं कुठलंच प्रमाण नाही.

भाषांतरवाला
'दारू'ची मात्र गोची आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तोच अर्थ शिल्लक आहे आणि 'दारूगोळ्या'त भलताच.

धागाकर्ती
मामांना सगळं वाचून दाखवलं. 'दवादारू'पाशी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मामी आतून म्हणाल्या, "आता दारूगोळ्याचंही वाच." म्हणजे बोलणं सुरू झालं.

पॅथॉलॉजीवाली
जाता जाता अजून एक. यकृत बिघडलेल्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर बारीक लाल ठिपका दिसतो. मधे एक रोहिणिका, भोवती पसरलेल्या केशवाहिन्या. मधोमध दाबलं की पुसला जातो, सोडलं की मधूनच भरत बाहेर येतो. याच्या इंग्रजी नावात कोळी आहे. 'कोळिष्टक' म्हणावं का?

मुक्काम मिरज
कोळिष्टक म्हणजे जाळं, आणि तेही जुनं, धूळ बसलेलं. तुमच्या ठिपक्याला मधे धड आहे आणि भोवती पाय. तो कोळीच. 'कोळीडाग' कसा वाटतो?

भाषांतरवाला
कोळीवाड्यातले लोक वाचतायत इथे, जपून. पण चालेल.