हडसन सॉफ्ट गेममध्ये आली कशी?

बाळीवेसकर:
लहानपणी नव्या पेठेतनं आणलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये एक टोपीवाला कुऱ्हाडी फेकत पळायचा बघा, अ‍ॅडव्हेंचर आयलंड. सुरुवातीलाच हडसन सॉफ्ट असं नाव यायचं. परवा कळलं की ही कंपनी मूळची रेडिओचं सामान विकायची. मग गेममध्ये कशी घुसली? निन्टेन्डोनं विकत घेतलेली का? माहिती असंल तर सांगा ओ.

जुनाकीबोर्ड:
विकत बिकत काय नाही. 1973 ला जपानच्या साप्पोरोत कुदो भावांनी दुकान काढलं, हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हौसेनं वायरलेसवर बोलणाऱ्यांसाठी. पुढं घरगुती कॉम्प्युटर आले तसं तेपण विकायला लागले आणि 1978 च्या सुमारास स्वतःच प्रोग्राम लिहायला लागले, टेपच्या कॅसेटवर भरून पोस्टानं पाठवायचे. त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, त्यामुळं एकच प्रोग्राम कुठल्याबी मशीनवर चालवून दाखवायचा हात यांना बसला, माझ्या मते खरं भांडवल तेच. कारण निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमच्या मशीनसाठी बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा करायचं ठरलं तेव्हा त्या कामात हडसनच होती (फॅमिली बेसिक, 1984), आणि ते करता करता मशीनची सगळी नाडी कळाली की ओ! त्याच वर्षी नट्स अँड मिल्क आणि लोड रनर, फॅमिकॉमवर बाहेरच्या कंपनीचे पहिले गेम. लोड रनर अमेरिकेतल्या ब्रोडरबंड कंपनीचा, यांनी लायसन्स घेऊन आणला आणि दहा लाखांच्या वर खपवला.

रेल्वेलाईन्स:
हडसन हे वाफेच्या इंजिनाचं नाव बरं का, 4-6-4 चाकांचं, म्हणजे पुढं 4, मधी 6, मागं 4. भाऊ दोघं रेल्वेचे लै वेडे. सोलापुरात असते तर स्टेशनवरनं हलले नसते 😄

गड्डा_गेमर:
आणि तो टोपीवाला खरा माणूस आहे बे! ताकाहाशी मेइजिन, हडसनमधलाच नोकर, सेकंदाला 16 वेळा बटण दाबायचा म्हणून जपानी पोरांचा हिरो झालेला.

बाळीवेसकर:
आयला! मग एवढं चालू असताना बुडाली कशी?

जुनाकीबोर्ड:
गेम पडले म्हणून नाही. 1987 ला एनईसी या जपानी कंपनीबरोबर पीसी इंजिन नावाचं गेमचं मशीन काढलं, चिपा हडसनच्या, जपानात मस्त चाललं. पण ज्या बँकेच्या जिवावर व्यवहार होता ती होक्काइदो ताकुशोकू बँक 1997 ला बसली आणि यांची पैशाची ओढाताण सुरू झाली. मग कोनामीनं हिस्सा घेतला, वाढवत नेला, 2012 ला पूर्ण गिळली. कोनामी म्हणजे आपल्या कॉन्ट्रावाली.