छातीच्या पट्ट्याची टिचबटणं हिरवी पडलीत, पट्टा गेला का?

नेरूळकर: नवी मुंबईत पाम बीच रोडला पळतो. पावसाळा लागल्यापासून ठोके मोजणारा पट्टा येड्यासारखा वागतोय. चालताना १९० दाखवतो, जोरात पळालं की गप्प. सेल नवा घातला, सीआर२०३२. दुकानदार म्हणतो पूर्ण सेट बदला.

गावदेवीचा रिपेअरवाला: दुकानदार तेच म्हणणार! हिरवं म्हणजे मुलामा उडून खालचं पितळ उघडं पडलंय. घामाचं मीठ, ओल आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की गंज चढतोच. पळून आल्यावर पट्ट्याला बटणांनी लागणारी सेन्सरची डबी काढून ठेवतोस ना? ओल्या पट्ट्यावर ती चालूच राहते, सेल फुकट उतरतो. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बटणं घास, वाळू दे. मग मल्टिमीटरचं एक टोक बटणाला, दुसरं त्याच बाजूच्या काळ्या रबरी पट्टीला लाव आणि बटण हलव. आकडा नाचला तर आतला जोड सुटलाय. त्याला सोल्डरचा डाग देत बसू नकोस, कापड जळेल.

ऐरोली_४००७०८: घड्याळवाल्यांनो, पिना ओल्या असताना चार्जिंगला लावू नका. घामात करंट गेला की सोन्याचा मुलामाही टिकत नाही.

नेरूळकर: मोजलं. डावं बटण नाचतंय.

गावदेवीचा रिपेअरवाला: मग नुसता पट्टा घे, डबी तीच वापर. आधी बटणांमधलं अंतर मोजून जा.