वर्तन, वर्तणूक की वागणूक? पुस्तिकेत काय लिहू?

शब्दखुळी:
नमस्कार मंडळी. अंगणवाडी सेविकांच्या एका पुस्तिकेचा इंग्रजीवरून केलेला अनुवाद तपासतेय. मूळ मजकुरात पानोपानी 'बिहेविअर' आहे आणि अनुवादकाने सरसकट 'वर्तन' करून टाकलंय. एका प्रकरणाचं नाव तर "मुलांची आव्हानात्मक वर्तने हाताळणे". आईने ते वाचून विचारलं, "हे पोलिसांसाठी आहे का गं?" कुठे कोणता शब्द घ्यावा?

जुना_कारकून:
माझी नोकरी शाळेच्या कार्यालयात झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो, त्यात 'चांगली' हे मी झोपेतही लिहीन. (मुख्याध्यापकांच्या स्कूटरची हवा सोडणाऱ्याचीही 'चांगली'च. पोराचा पुढचा प्रवेश अडवून कुणाचं भलं होणार?) तर वर्तणूक म्हणजे नियमाला धरून कुणीतरी शेरा मारायची गोष्ट. सरकारी नोकरांसाठी 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979' आहेत. कैद्याला शिक्षेत सूट मिळते तीही चांगल्या वर्तणुकीबद्दल. तीन वर्षांच्या लेकराच्या वाटेला हा शब्द नको.

वागणूक दोघांमध्ये घडते. ती 'देतात' आणि 'मिळते': सापत्न वागणूक, माणुसकीची वागणूक. "दवाखान्यात वर्तन कसं मिळालं?" असं विचारून बघा बरं कुणाला!

वर्तन हा अभ्यासकांचा शब्द, लांबून पाहून टिपून ठेवायचा. माकडांचं वर्तन, ग्राहकांचं वर्तन, मानसशास्त्रातला वर्तनवाद. मागे 'गैर' लागला की मात्र थेट आरोपच.

पण ताई, तुम्हाला निम्म्या ठिकाणी नाम हवंय कशाला? आपण 'वागतो' म्हणतो. मूल चावतं, ओरबाडतं, फतकल मारून भोकाड पसरतं, असं लिहा. 'वर्तने' हे अनेकवचन तर आधी काढा.

प्रयोगवही:
क्रियापदाचं पटलं, पण सेविकेच्या नोंदवहीतल्या रकान्याला काहीतरी नाव लागणारच. तिथे 'वर्तन' राहू द्या, तिथे ती खरोखर निरीक्षणच लिहीत असते.

'आचरण' मात्र नको, त्याला व्रतवैकल्यांचा वास आहे. तरी गंमत बघा, दहावीच्या विज्ञानात 'पाण्याचे असंगत आचरण' आहे. 0 ते 4 अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना पाणी प्रसरण पावायचं सोडून आकुंचन पावतं, एवढाच त्याचा गुन्हा. "पाण्याचं चुकलं काय, बाई?" असं एकाने वर्गात विचारलं होतं. परीक्षेत तेच लिहावं लागतं, त्यामुळे मी गप्प.

संत्रानगरी:
'व्यवहार'ही टाळा. आमच्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे "त्याचा व्यवहार बरोबर नाही" असं सर्रास बोलतात. पुण्याच्या सासऱ्यांसमोर एका शेजाऱ्याबद्दल असं बोललो, तर ते म्हणाले, "किती उसने घेतलेत त्याने?"

शब्दखुळी:
प्रकरणाचं नाव "मूल असं का वागतं?" आणि नोंदवहीत 'वर्तन', ठरलं. "सकारात्मक वर्तनास बळकटी देणे" याचं काय करू?

जुना_कारकून:
"मूल चांगलं वागलं की तिथल्या तिथे शाबासकी द्या." आणि 'तिथल्या तिथे' कापू नका. नंतर आई न्यायला आल्यावर दिलेली शाबासकी कशाबद्दल, ते पोराला कळत नाही.