गोल्फच्या ग्रीनवर उतार २.५ दाखवतोय तरी बॉल थांबत नाही, होल कुठे कापू?

हिरवळवाला:
मंडळी, मदत हवीय. आमच्या गोल्फ कोर्सवर होलची जागा मी आजवर नजरेनंच ठरवायचो, पण परवा एका ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) फार वाईट झालं, वरून नुसता हात लावल्यासारखा पट (बॉल होलकडे घरंगळवायचा हलका फटका) मारला तरी बॉल होलच्या बाजूनं घसरून थेट खाली फ्रिंजवर म्हणजे ग्रीनच्या कडेच्या गवतावर, एकामागून एक सगळ्यांचं तेच, लोक वैतागले आणि त्यांचं बरोबरच होतं. होलपाशी उतार ३ टक्क्यांपर्यंत चालतो असं ऐकलेलं म्हणून मोबाइल ठेवून मोजलं तर २.५ येतंय. स्टिम्पमीटरवर (उतरत्या पट्टीवरून सोडलेला बॉल सपाटीवर किती फूट जातो ते मोजायचं साधन) स्पीड १० फूट. चुकतंय कुठे?

पटरवेडा:
ते २.५ टक्के आहेत की अंश, आधी ते बघ. मोबाइल बहुतेक अंशच दाखवतो. १ अंश म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के, म्हणजे तुझा उतार ४.४ टक्के झाला! सपाटीवर १० फूट जाणारा बॉल तेवढ्याच जोरात उतारावरून खाली कितीतरी लांब जातो, आणि उतार वाढेल तसा आणखी लांब. उतार फारच वाढला तर खाली निघालेला बॉल थांबायचं नावच घेत नाही.

हिरवळवाला:
अंशच होते 😟

जुना_ग्रीनकीपर:
स्पीडही धरा हिशोबात. स्पीड १२ फूट असलेल्या ग्रीनवर २ टक्के उतार हा स्पीड १० वरच्या ३ टक्क्यांसारखाच जवळपास वागतो, त्यामुळे स्पर्धेसाठी गवत बारीक केलं की मी जुन्या जागा परत मोजतो. आणि नुसता मोबाइल टेकवू नका, लहान असतो, जरा उंचसखल असलं की आकडा हलतो. २ फुटी पाणसळ घ्या, उताराच्या दिशेनं ठेवा, खालच्या टोकाखाली अर्ध्या इंचाची पट्टी सरकवा, बुडबुडा मधे आला की २ टक्के. होलभोवती ३ फूट सगळीकडे उतार एकसारखा पाहिजे, मधेच बदलत असेल तर ती जागा सोडाच. कडेपासून किमान ४ पावलं.

पटरवेडा:
आणि होल कापायचा कटर ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा धर, उताराला काटकोनात नाही, नाहीतर झेंडा कलतो.

हिरवळवाला:
आत्ताच मोजून आलो. वरच्या डाव्या अंगाला, कडेपासून ६ पावलांवर, पट्टी लावली तर बुडबुडा बरोब्बर मधे. उद्याचा होल तिथेच. पण तो तुकडा फार लहान आहे हो, तिथलं गवत तुडवून जाऊ नये म्हणून मधे किती दिवस सोडता तुम्ही?