टेन्शनच्या गोळ्या आणि नवरा-बायको: डॉक्टरांनी आधीच सांगावं का?

मांजराकाठ:
आमच्या लातूर-बीडकडं डिप्रेशनची गोळी लिहून देताना दोनच गोष्टी सांगतात: जेवल्यावर घ्या, मधेच सोडू नका. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिननं इच्छा कमी होऊ शकते, वीर्यपतनाला फार वेळ लागतो, कधी ताठरता येत नाही, हे कुणी बोलत नाही. कामून? पहिल्या चिठ्ठीलाच सांगा. नाहीतर घरात एकमेकांवर संशय सुरू होतो.

परभणीकर:
नाही पटलं. आपल्याकडं माणूस आधी देवऋषी, मग गावातला डॉक्टर आणि सगळं थकल्यावर डोक्याच्या डॉक्टरकडं जातो. सोयाबीन गेलेलं, झोप उडालेली. त्याला पहिल्याच दिवशी असलं सांगितलं तर गोळी तोंडात टाकील का? लागू पडायला 2 ते 4 आठवडे तरी जातात, तेवढं टिकू द्या. आणि उदासीतही इच्छा मरतेच की, खापर मात्र गोळीवर.

मांजराकाठ:
म्हणूनच सुरू करण्याआधी विचारून ठेवायचं, मग आजाराचं किती अन् गोळीचं किती ते कळतं. न सांगितल्यावर गडी गुपचूप गोळी बंद करतो. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं, वर आजार परत. आणि स्टँडसमोरच्या 'गुप्तरोग' पाटीवाल्याची चांदी.

मेडिकलवाला_जालना:
याच जातीची डॅपॉक्सेटिन लवकर पतन होणाऱ्यांना मुद्दाम देतात, म्हणजे हा गुण काही लपलेला नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मिर्टाझापिन, बुप्रोपिऑनमध्ये हा त्रास कमी, पण फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. ठरवायचं डॉक्टरनं. मला काउंटरवर कुजबुजत विचारू नका, मागं रांग असते.

सई_नांदेड:
सगळे गड्यांचंच बोलायलात. बायकांचीही इच्छा जाते, तृप्ती येत नाही. पण तपासणीला सासू शेजारी बसलेली, डॉक्टर विचारणार 'झोप लागते का?' संपलं. आधी सोबतच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवा, मग घाला हा वाद.

परभणीकर:
सईताईंचं मान्य. तरी मी म्हणतो दुसऱ्या खेपेला सांगा. ज्याच्या मनात जीव द्यायचं घोळतंय, त्याच्या हातात आधी गोळी आणि टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर.

मांजराकाठ:
मजुरी बुडवून दुसऱ्या खेपेला येतात किती जण? 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकानं सांगितलं, गोळी बंद केल्यावरही काहींना हा त्रास राहू शकतो, हे माहितीपत्रकात छापा. एवढी गोष्ट पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्यावर सांगणार?