लोकमत, जनमत की कौल? आयर्लंडच्या लढ्यावर लिहिताना

प्रश्न: आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावर एका अंकासाठी लेख लिहितो आहे. १९१६ साली डब्लिनमध्ये झालेल्या सशस्त्र ईस्टर उठावानंतर तिथल्या लोकांचं मन इंग्रज सरकारविरुद्ध गेलं, त्यासाठी मी 'जनमत' लिहिलं होतं. 'लोकमत' म्हटलं की आधी वर्तमानपत्रच आठवतं, म्हणून तो शब्द टाळला. संपादकांनी त्याचं 'जनतेचा कौल' केलं. मला ते खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर: तुम्हाला खटकलं ते योग्यच. कौल हा देवळातला शब्द आहे. कोकणात गुरव देवाला ओल्या पाकळ्या किंवा कळे लावतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर उजवा कौल, डावीकडची पडली तर डावा. म्हणजे कौलासाठी आधी कोणीतरी प्रश्न विचारायला हवा. १९१६ साली आयरिश जनतेला कोणी काही विचारलंच नव्हतं. मग कौल कुठून येणार?

तेव्हा जे घडलं त्याला 'लोकमत फिरलं' असंच म्हणायला हवं. उठाव २४ एप्रिलला सुरू झाला आणि २९ तारखेला उठावाचा नेता पिअर्स यानं शरणागती पत्करली. मधल्या आठवड्यात डब्लिनचा ऐन मध्यभाग तोफांनी उद्ध्वस्त झाला, मेलेल्यांत निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते. पकडलेल्या बंडखोरांना ब्रिटनमधल्या तुरुंगांत धाडण्यासाठी बोटीकडे नेताना रस्त्यात लोकांनीच त्यांना शिव्या घातल्या. त्यात पुष्कळ बायका अशा होत्या, की ज्यांचे नवरे इंग्रजांच्या फौजेत लढत होते आणि त्याच भत्त्यावर घर चालत होतं. मग ३ ते १२ मे या दहा दिवसांत डब्लिनमधल्या किलमेनमच्या तुरुंगात उठावातल्या चौदा जणांना गोळ्या घातल्या गेल्या, एकदम नव्हे, तर थोडे थोडे करून. त्यातल्या प्लंकेटचं लग्न तुरुंगातल्या प्रार्थनागृहात लागलं आणि काही तासांत त्याला मारलं. दुसऱ्या एका नेत्याचा, कॉनलीचा, घोटा गोळीनं फुटला होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला खुर्चीत बसवून मारलं. रोज सकाळी एक नवी बातमी. मृतांसाठी प्रार्थना होऊ लागल्या, त्यांच्या तसबिरी विकल्या जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी सुटलेले कैदी परतले तेव्हा त्याच डब्लिननं त्यांचं जल्लोषात स्वागत केलं.

हे सगळं ज्यात मावतं तो शब्द लोकमत. क्रियापदं बघा: लोकमत कलतं, झुकतं, बिथरतं, चेतवता येतं. कौल मागतात, लावतात, तो मिळतो. 'कौल बिथरला' असं कोणी म्हणत नाही. राहिलं जनमत. माझ्या कानाला त्यात हल्ली मोजणीचा वास येतो: जनमत चाचणी, किंवा गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला विलीनीकरणावर झालेला जनमत कौल. म्हणून १९१६ साठी मी तेही वापरणार नाही.

कौल शब्द डिसेंबर १९१८ साठी राखून ठेवा. त्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षानं आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या आणि वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेत न जाता २१ जानेवारी १९१९ ला डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. तिथे प्रश्न विचारला गेला होता.

आणखी एक प्रतिसाद: पटलं, पण त्या ७३ पैकी २५ जागा बिनविरोध होत्या. तिथे मतदानच झालं नाही. पाकळी लावलीच नाही तर कौल कसा म्हणायचा?

उत्तर: आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं असं, की समोर उभं राहायलाच कोणी धजत नाही तेव्हाही काहीतरी कळतं. फक्त ते कळणं लोकमताचं. बाकीच्या जागांवर मत पडलं, आणि तीस वर्षांवरच्या स्त्रियांनी पहिल्यांदाच मत दिलं, तो कौल. शिवाय 'आयर्लंडनं कौल दिला' असं सरसकट लिहू नये. आयर्लंडच्या ईशान्येकडच्या अल्स्टर भागानं ब्रिटनसोबत राहण्याच्या बाजूनं दिलेला कौलही तितकाच खरा होता, आणि आयर्लंडच्या फाळणीचं मूळ तिथे आहे.

एक गोष्ट मात्र लेखात नक्की आणा. मराठीत लोकमताचं अनेकवचन होत नाही, त्यामुळे ते कोणाचं हे दरवेळी सांगावंच लागतं. या लढ्यात दोन लोकमतं होती (बघा, लिहितानाच अडखळलो): एक आयरिश, दुसरं ब्रिटिश. कॉर्कचे महापौर मॅकस्विनी ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९२० ला लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या तुरुंगात वारले, डिसेंबरात सरकारी दलांनी कॉर्क शहराचा मध्यभाग जाळला, तेव्हा खुद्द इंग्लंडमधली वृत्तपत्रं आणि मजूर पक्ष आपल्या सरकारला जाब विचारू लागले. आयरिश बंडखोर आणि ब्रिटिश सरकार यांच्यातल्या ११ जुलै १९२१ च्या युद्धविरामामागे ब्रिटिश लोकमताचाही रेटा होता. नुसतं 'लोकमत' लिहिलंत तर वाचक ते आयरिशच धरेल.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. संपादकांना आता हे वाक्य पाठवतो आहे: 'मे १९१६ मध्ये आयरिश लोकमत फिरलं, त्याचा कौल मिळायला १९१८ चा डिसेंबर उजाडावा लागला.'