मदत हवी आहे: आखूड नळीच्या ३१५ रायफलमध्ये जड गोळी नीट उमलते का, हे कसं तपासू?

धुऱ्यावरचा:

नमस्कार मंडळी,

मी पुसदकडचा कास्तकार. नऊ एकर वावर आहे, त्यातलं निम्मं जंगलाला लागून. तूर, पऱ्हाटी आणि विहिरीच्या बाजूला हरभरा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करून जातो हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही. जागल, फटाके, धुऱ्यावर बांधलेल्या साड्या, सगळं करून झालं. तारेत करंट सोडायचा नाही हे आमच्या घरात पक्कं आहे, त्यात माणसं मेलेली पाहिली आहेत.

बाबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर ३१५ बोअरची रायफल होती. ते गेल्यावर परवाना आणि रायफल रीतसर माझ्या नावावर झाली. नळी आखूड आहे. दट्ट्याची काडी आत घालून बोल्टच्या तोंडापासून मोजली तर ५२ सेंटिमीटर भरली, म्हणजे साडेवीस इंच. काडतूस नेहमीचं, २४४ ग्रेनची सॉफ्ट नोज गोळी (मऊ नाकाची, लागल्यावर पुढून उमलून रुंद होणारी), वजनात १५.८ ग्रॅम.

मागच्या हिवाळ्यात वनविभागाची लेखी परवानगी घेऊन मचाणावर बसलो होतो. साधारण पन्नास मीटरवर मोठं डुक्कर आडवं उभं होतं. गोळी लागली, ते लोळलं, उठलं आणि तुरीत शिरलं. रात्री मागे गेलो नाही. सकाळी वनरक्षकाला घेऊन शोधलं तर रक्ताचे चार-दोन थेंब, बस. कापूस वेचणीला येणाऱ्या बायांना मी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं की वावरात येऊ नका. चार दिवस वेचणी बंद राहिली. पाचव्या दिवशी डुक्कर नाल्यात मेलेलं सापडलं. पंचनाम्याच्या वेळी पाहिलं तर गोळी आत गेल्याचं भोक आणि बाहेर पडल्याचं भोक जवळपास सारखंच. म्हणजे गोळी उमललीच नव्हती, पेन्सिलीसारखी आरपार गेली होती. त्या जनावराचे पाच दिवस आणि त्या बायांना असलेला धोका, दोन्ही माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. खात्री होईपर्यंत पुन्हा मचाणावर चढणार नाही.

म्हणून गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेमबाजी रेंजवर परवानगी काढून गेलो. माझ्याकडे दोन प्रकारची काडतुसं आहेत: दुकानातून यंदा घेतलेली आणि बाबांच्या वेळची. दोन्हींची परवान्यावर नोंद आहे. दोन्हींच्या पाच-पाच गोळ्या वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ५० मीटरवर मारल्या.

नव्यांचा ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, तळहाताएवढा आला, पण माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) जिथे धरली त्याच्या ९ सेंटिमीटर खाली. जुन्या गोळ्या आडव्या फार पसरल्या नाहीत, पण उभ्या वीतभर पसरल्या. त्यातल्या एका वेळी घोडा दाबल्यावर आधी नुसता 'टक' आवाज झाला आणि मग क्षणभराने बार उडाला. कागदावरची भोकं मात्र दोन्ही वेळा गोल होती, एकही लांबट नव्हतं.

मग ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. रात्रभर पिंपात भिजवलेली रद्दी सुतळीने आवळून एकामागे एक ठेवली. नवी गोळी ४१ सेंटिमीटरवर थांबली, छत्रीसारखी उमलून १४ मिलिमीटर झालेली. सोनाराच्या काट्यावर वजन १४.६ ग्रॅम. जुनी गोळी ५८ सेंटिमीटर आत गेली, वजन १५.५, आणि नाक नुसतं चेपलेलं.

माझे प्रश्न असे:

आखूड नळीमुळे वेग किती कमी होत असेल? वेग मोजायचं यंत्र नाही, तर ५० आणि १०० मीटरवर गोळी किती खाली येते त्यावरून काढता येईल का? नऊ सेंटिमीटर खाली लागतं त्यासाठी माशी घासू का? आणि मुख्य म्हणजे, ही जड गोळी या नळीला झेपते का, की दोष दुसरीकडेच आहे?

नेमबाज काका:

भाऊ, आधी एक गोष्ट. नळी मूळचीच आखूड आहे की कुणी मध्ये कापली? परवान्यावरचं वर्णन आणि खरेदीची जुनी पावती बघा. नळीचं तोंड नीट गोल घासलेलं आहे का, पुढची माशी कारखान्याच्या जागी आहे का, तेही बघा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ६ प्रमाणे वेगळ्या परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. नंतर भलत्याच भानगडीत पडू नका.

आता गोळीबद्दल. ३१५ चं काडतूस म्हणजे ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं ८ बाय ५० काडतूस. त्यांची फौजी रायफल ७६५ मिलिमीटर नळीची होती, तिच्यातून २४४ ग्रेनची गोळी सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास निघे. त्याच रायफलीची घोडदळासाठीची आवृत्ती ५०० मिलिमीटर नळीची होती, तीही हेच काडतूस वापरायची. म्हणजे जड गोळी आणि आखूड नळी हे जोडपं नवं नाही. अशा काडतुसात इंचामागे ५ ते ८ मीटरचा वेग जातो असं धरा. तुमची नळी त्या लांब नळीपेक्षा साडेनऊ-दहा इंच आखूड आहे, म्हणजे ५६० च्या आसपास. ऊर्जा ३,००० जूलवरून साधारण २,५०० वर येते. पन्नास मीटरवर डुकरासाठी ती भरपूर आहे.

भोकं गोल आहेत म्हणजे गोळी सरळ उडते आहे. गोळीला फिरकी देतात ते नळीतले आटे (आतल्या पीळदार खाचा), आणि किती फिरकी हे आट्यांच्या पिळावर ठरतं. नळी कापल्याने पीळ बदलत नाही. गोळी लांब आणि पीळ सैल असेल तर ती कोलांट्या खाते आणि कागदावर लांबट भोक पडतं. तुमच्याकडे तसं काही नाही.

खाली किती येते त्यावरून वेग काढायच्या नादी लागू नका. ५६० आणि ६२० यांच्यात १०० मीटरवर फरक पडतो जेमतेम तीन सेंटिमीटरचा. तुमचा ग्रुपच त्याहून मोठा आहे. रेंजवर कुणाकडे क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) असेल तर मागा. तो नळीच्या तोंडापासून तीनेक मीटर पुढे ठेवा, आखूड नळीचा भडका मोठा असतो आणि जवळ ठेवलं की भलतेच आकडे येतात.

पितळवाला:

दादा, तुमच्या रद्दीच्या गठ्ठ्यांनीच उत्तर दिलं आहे. एकाच नळीतून नवी गोळी उमलली आणि जुनी उमलली नाही. मग दोष नळीचा कसा? सॉफ्ट नोज उमलायला वेग लागतो. जुनी बारूद मंदावली असेल तर वेग पडतो, नाक चेपत नाही आणि गोळी खोल जाते. ५८ सेंटिमीटर हा आकडा जोर जास्त असल्याचा पुरावा नाही, उलट आहे. उभा पसारा म्हणजे दर गोळीचा वेग वेगळा. आणि 'टक'नंतर उशिरा उडालेला बार ही तर धोक्याची घंटा आहे. असं झालं तर रायफल समोरच्या मातीकडे धरूनच ठेवायची, मिनिटभर बोल्ट उघडायचा नाही.

जुनी काडतुसं कुठे ठेवली होती? गोठ्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांजवळ तर नाही ना? इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला भेगा पडायच्या, आणि बरीच वर्षं कारण कळत नव्हतं. शेवटी १९२१ मध्ये उलगडा झाला: जनावरांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण. भेग मानेला, म्हणजे पितळ जिथे गोळीला धरून असतं तिथे, पडते. भिंग घेऊन प्रत्येक काडतुसाची मान बघा.

जागलकरी:

भाऊ, मी बी डुकराईचा मारलेलाच हाव, मनून सांगतो. त्या जुन्या गोया वापरू नोका. अन् मचाणावरून मारतानी गोयी खाली मातीतच गेली पायजे. आपल्या इकडं सपाट वावर, मांगं कोनाचं घर, कोनाची बंडी, रात्री दिसत नाई. हे वजनदार गोयी कोसभर जाते.

नेमबाज काका:

माशीचं राहिलं होतं. पुढची माशी ते मागची खाच हे अंतर मोजा. समजा ते ५०० मिलिमीटर आहे. ५० मीटरवर ९० मिलिमीटर खाली, म्हणजे ९० गुणिले ५०० भागिले ५०,०००, उत्तर ०.९. माशी ०.९ मिलिमीटरने उंच आहे. घासली की मार वर येईल. पण आज घासू नका. आधी याच नव्या काडतुसांच्या आणखी दहा गोळ्या मारून मधला बिंदू पक्का करा. घासलेलं लोखंड परत जोडता येत नाही. आणि हे काम परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या, शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

साग-पळस:

वनपरवानगीबद्दल एवढंच सांगते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण मागच्या वर्षीचा कागद यंदा चालेल असं धरू नका. गट नंबर आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या. जखमी जनावराची खबर तुम्ही लगेच दिलीत आणि बायांना वावरात येऊ दिलं नाहीत, हे फार महत्त्वाचं होतं.

धुऱ्यावरचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर हेच केलं.

काका, बाबांच्या ट्रंकेत दुकानदाराची मूळ पावती सापडली, तिच्यावर आखूड नळीचीच नोंद आहे आणि ती परवान्याशी जुळते. माशीही मूळ जागीच आहे. मोठी चिंता मिटली.

पितळवाला दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. जुनी काडतुसं बाबा ज्या खोलीत ठेवायचे तिची मागची भिंत गोठ्याची आहे, आणि खरिपात युरियाची पोती तिथेच रचलेली असतात. भिंगाने पाहिलं: उरलेल्या अकरांपैकी तिघांच्या मानेला केसासारखी भेग आहे. मागच्या हिवाळ्यात डुकरावर मारलेली गोळी याच डब्यातली होती. त्या वेळी मला वाटलं होतं, काडतूस ते काडतूस, आधी जुनी संपवावीत.

अकराही काडतुसं सोमवारी परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घेणार आहे. नवी काडतुसं घरातल्या लोखंडी कपाटात हलवली. जागलकरी भाऊ, मचाण विहिरीच्या बाजूने उचलून धुऱ्याच्या उंचवट्यावर नेतो आहे, तिथून मार सरळ खाली काळ्या मातीत जातो.

रेंजवरच्या एका शिक्षकाकडे क्रोनोग्राफ आहे, त्यांनी पुढच्या रविवारी बोलावलं आहे. नव्या काडतुसांच्या दहा गोळ्या आणि रद्दीचे आणखी चार गठ्ठे घेऊन जातो. खाच ते माशी अंतर माझ्या रायफलीवर ४८५ मिलिमीटर भरलं, म्हणजे हिशेबाने ०.८७. वेगाचे आकडे आले की इथेच टाकतो, बघून सांगा.